हात गुंतलेल्या माणसासाठी ॲप: मनगटावरचं, बोटावरचं, कानातलं

ऑफिसात बसून ॲप वापरणाऱ्याचं लक्ष पडद्यावर असतं. गोदामातला पिकर, कारखान्यातला मेंटेनन्सवाला, खांबावर चढलेला लाइनमन यांचे डोळे मालावर, मशीनवर, तारेवर असतात. हात भरलेले असतात आणि पाय बहुतेक वेळ चालत असतात. यातून जेवढं लक्ष उरेल तेवढंच आपल्या ॲपच्या वाट्याला येतं. अंगावर घालायच्या उपकरणासाठी ॲप आखायचं असेल, तर पहिलं काम हे उरलेलं लक्ष किती आणि कधी मिळतं ते शोधण्याचं. फीचर्सची यादी त्यानंतर.

मी ठाण्यात राहते आणि हेच काम करते. माझा जास्त वावर भिवंडीच्या गोदामांत, म्हणजे मानकोली, पूर्णा, काल्हेर, पडघा या पट्ट्यात. त्यामुळे इथली उदाहरणं मुख्यतः पिकिंगची आहेत: ऑर्डर येते, पिकर रॅकमधून माल काढतो, ट्रॉलीत भरतो, डिस्पॅचला देतो. पण पद्धत तीच राहते. चाकणच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्यासाठी आखायचं असलं तरी मी याच क्रमाने जाते.

आधी हात बघा

पहिल्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवा. सुपरवायझरची परवानगी घ्याच, पण ज्यांच्या मागे उभं राहायचं त्यांचीही घ्या. कागदावर चार रकाने आखा: हात, नजर, कान, पाय. दर दहा सेकंदांनी एक खूण. हात मोकळे की गुंतलेले, एक की दोन्ही. नजर लेबलवर, वाटेवर की मालावर. कानाला काय ऐकू यायलाच हवं. पाय चालताहेत की थांबलेत. तासाभरात त्या कागदावर कामाची लय दिसू लागते. सुपरवायझरने समजावून सांगितलेल्या प्रोसेसमध्ये ती सापडत नाही, कारण प्रोसेसमध्ये माणसाला नेहमी एक हात जास्तीचा असतो.

एका पिकर ताईंचं काम मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तेलाच्या डब्यांचा कार्टन खालच्या खणातून काढायचा होता. त्या उकिडव्या बसल्या, डाव्या हाताने रॅकचा खांब धरला, उजव्या हाताने कार्टन पुढे ओढला, मांडीचा टेकू दिला. बारकोड नेमका मागच्या बाजूला. कार्टन फिरवायला दोन्ही हात लागतात, म्हणून स्कॅनरची गन त्यांनी काखेत दाबली. कार्टन फिरवला, गन काढली, मारली, परत काखेत. पुढचा कार्टन, तेच. मी विचारलं, "ताई, गनचा काही त्रास होतो का?" त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम, सवय झालीय."

उत्तर खरंच होतं. सवय झालेला त्रास माणसाला त्रास वाटत नाही, म्हणून मुलाखतीवर विसंबून डिझाइन करू नये. काखेतल्या गनने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, स्कॅनर बोटावर हवा आणि त्याचं बटण अंगठ्याने दाबता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट ॲपच्या बाहेरची: माल पाठवणाऱ्याने कार्टनच्या लगतच्या दोन बाजूंना बारकोड छापला, तर निम्मं फिरवणं तसंच वाचतं. अशा गोष्टी अहवालात पहिल्या पानावर लिहा. लेबल बदलून काम हलकं होत असेल, तर सॉफ्टवेअरने ते ओझं उचलू नये.

रकाने भरले की उपकरण कुठे बसवायचं ते जवळजवळ आपोआप ठरतं. दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले असतील तर कान. हात अधूनमधून मोकळे आणि नजर लेबलवरच असेल तर बोटावरचा स्कॅनर. आकृती, वायरिंगचा नकाशा, मीटरचे आकडे बघत काम करायचं असेल तर डोळ्यासमोरचा छोटा पडदा. घड्याळ फक्त इशाऱ्यांसाठी. घड्याळावर फॉर्म भरून घेण्याची कल्पना मीटिंगमध्ये आली, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. मनगटावरचं घड्याळ चालवायला दुसरा हात लागतो, म्हणजे एका छोट्याशा कामात दोन्ही हात अडकले.

या क्षेत्रात मागे काय झालं ते माहीत असलेलं बरं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅन सिव्योरेक आणि असीम स्मायलागिक यांच्या गटाने १९९०च्या दशकात व्हूमॅन नावाचे अंगावर घालायचे संगणक बनवले. त्यातला व्हूमॅन ३ कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टनच्या तळावर, मरीन सैनिक उभयचर गाड्यांची तपासणी करतात त्या कामासाठी होता. कागदावरची यादी सुमारे ६०० बाबींची, ५० पानांची. एक माणूस गाडीखाली शिरणार, दुसरा बाहेर बसून लिहिणार. संशोधकांनी कीबोर्ड दिला नाही, माऊस दिला नाही. एक फिरवायची चकती आणि निवडायला बटण, एवढंच. ग्रीस लागलेल्या हातांनी, गाडीखाली आडवं पडून, न बघताही चकती फिरवता येते. त्यांच्या नोंदीनुसार तपासणीचा वेळ ४० टक्क्यांपर्यंत कमी झाला, आणि नंतर संगणकात माहिती भरायचं काम धरलं तर एकूण ७० टक्के. आजचं हार्डवेअर कितीतरी पुढे गेलंय, तरी मी अजून प्रत्येक नव्या कामात विचारते: हे एका चकतीवर भागेल का? भागत असेल तर जास्त काही देऊ नका.

उपकरणाच्या ब्रँडवर मात्र जीव जडवू नका. गूगल ग्लास हा डोळ्यासमोर पडदा असलेला चष्मा २०१३ मध्ये आला, २०१७ मध्ये कारखान्यांसाठीची आवृत्ती आली आणि मार्च २०२३ मध्ये तिची विक्री थांबली. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या तशाच चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद केलं. ज्यांनी कामाचे सगळे नियम त्या चष्म्यातच कोंबले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. 'पुढची पायरी कोणती' हे ठरवणारा भाग सर्व्हरवर किंवा वेगळ्या थरात ठेवा. उपकरणाने फक्त विचारावं, दाखवावं, ऐकावं.

दोन सेकंदांची नजर

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गाडी चालवताना एका नजरेला सरासरी २ सेकंद आणि अख्ख्या कामाला सगळ्या नजरा मिळून १२ सेकंद, यापेक्षा जास्त वेळ डोळे रस्त्यावरून हटू नयेत, असं त्यात आहे. गोदामात फोर्कलिफ्ट फिरत असतात, म्हणून मी हेच मोजमाप मनगटाच्या पडद्याला लावते. दोन सेकंदांत काय कळू शकतं? एक जागा आणि एक आकडा. मालाचं नाव, ऑर्डर नंबर, ग्राहकाचं नाव, कंपनीचा लोगो हे सगळं काढा. कोणाला हवंच असेल तर मनगटाच्या एका झटक्यावर दुसरा पडदा, पण पहिल्यावर नाही.

अक्षराचा आकार कसा ठरवायचा? ५० सेंटीमीटरवरून स्थिर उभ्या माणसाला साधारण ३ मिलिमीटर उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. चालताना हात हलतो, म्हणून मी दुप्पट धरते, ६ मिलिमीटर. देवनागरीला त्याहून जागा लागते. वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. छोट्या पडद्यावर अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात, आणि जोडाक्षरांचा काळा गोळा होतो. दोन ओळींतलं अंतर रोमन लिपीच्या सवयीने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शक्य तिथे जोडाक्षर नसलेला शब्द घ्या: 'रिक्त' ऐवजी 'रिकामा'.

आकडे मराठी की इंग्रजी, यावर मीटिंगमध्ये तासभर वाद होऊ शकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: रॅकवर आणि कार्टनवर जो आकडा छापलाय, तोच पडद्यावर. भिवंडीत तो बहुतेक इंग्रजी असतो. डोळ्याला दोन ठिकाणचा आकार जुळवायचा असतो, त्यात भाषांतराचा टप्पा घालू नये.

फक्त रंगावर अर्थ सोपवू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक मोठ्या शिफ्टमध्ये असतात, आणि यार्डात दुपारच्या उन्हात कोणताच रंग धड दिसत नाही. बरोबरला मोठी खूण, चूक असेल तर संपूर्ण पडदा उलटा, म्हणजे काळ्यावर पांढरं असेल तर पांढऱ्यावर काळं. हे डोळ्याच्या कडेनेही कळतं.

स्पर्शाच्या पडद्याबद्दल थोडक्यात: घाम, पाऊस आणि हातमोजे हे तिन्ही त्याचे वैरी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बोटाच्या घामाने पडदा आपोआप दाबला जातो, आणि जाड रबरी मोजा घातला की दाबूनही दाबला जात नाही. मनगटाच्या पडद्यावर एका वेळी दोनच बटणं ठेवा, वरचा अर्धा एक आणि खालचा अर्धा एक. ज्याने नुकसान होऊ शकतं, जसं 'ऑर्डर रद्द', ते स्पर्शावर ठेवूच नका. उपकरणाच्या बाजूचं खरं बटण वापरा.

कानातलं ॲप

माझ्या मते आपल्याकडच्या गोदामांसाठी सगळ्यात जास्त कामाचं आणि सगळ्यात कमी नीट आखलेलं साधन म्हणजे आवाज. पद्धत जुनी आहे. पिट्सबर्गची व्होकलेक्ट ही कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिने आवाजावर चालणारं पिकिंग जगभर नेलं. कानात जागा सांगितली जाते. पिकर तिथे जातो, खणावर चिकटवलेला दोन आकडी तपास-क्रमांक वाचून बोलतो. तो जुळला तर कानात संख्या येते. माल काढून तो 'झालं' म्हणतो. हात आणि डोळे पूर्णवेळ मालाला.

आता यात आखण्यासारखं काय, तर जवळजवळ सगळंच.

वाक्याचा क्रम घ्या. 'तीन पेट्या, गल्ली क, रॅक चौदा, खालचा खण' असं सांगितलं, तर रॅकपर्यंत पोचेस्तोवर 'तीन' विसरलेलं असतं. जे आधी लागतं ते आधी: गल्ली, रॅक, खण. संख्या तपास-क्रमांक जुळल्यानंतर, माणूस मालासमोर उभा असताना. एका दमात तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका.

क्रियापद टाळा. 'रॅक चौदाला जा' असं यंत्र पन्नाशीतल्या माणसाला दिवसभर म्हणत राहिलं, तर ते त्याला लागतं, बोलून दाखवलं नाही तरी. 'जावे' म्हटलं तर सरकारी नोटीस वाटते, 'कृपया जा' दिवसातून शेकडो वेळा ऐकवत नाही. 'गल्ली क. रॅक चौदा. खालचा खण.' इथे अरे-तुरे नाही, अहो-जाहो नाही, आणि वाक्यही आखूड झालं. चूक झाली तरी तसंच: 'चुकीचं आहे' नको, 'हा खण अठ्ठावीस नाही' पुरे. चूक झाल्याचा आवाज फक्त त्या माणसाच्या कानात यायला हवा. गल्लीभर ऐकू जाणारा भोंगा लावून चार लोकांत कोणाला खाली मान घालायला लावू नका.

आकड्यांवर वेळ घालवा, कारण चुका तिथेच होतात. 'सात' आणि 'आठ' मध्ये मधला आ एकच. पॅकिंगच्या टेपचा कर्कश आवाज आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न चालू असताना शेवटचं व्यंजन बुडतं आणि दोन्ही सारखे ऐकू येतात. घाईत 'सहा' चा 'सा' होतो आणि तो 'सात' च्या जवळ जातो. दोन आकडी नावं तर आणखी घोटाळ्याची: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. उत्तरेतून आलेला पिकर ती हिंदीत मोजतो, आंध्र-तेलंगणातल्या घरातला तेलुगूत, आणि कॉलेजला गेलेला पोरगा 'थ्री सेव्हन' म्हणतो. म्हणून तपास-क्रमांक सुटा सुटा बोलायचा: 'तीन, सात'. आणि हे क्रमांक आपणच वाटणार असतो, तर शेजारच्या दोन खणांना ३७ आणि ३८ देऊच नका. एका गल्लीत फक्त सात-आठच्या किंवा सहा-सातच्या फरकाने वेगळी होणारी जोडी राहणार नाही, असा छोटा प्रोग्रॅम लिहायला एक दुपार लागते.

हे क्रमांक अधूनमधून बदलतही राहा. लोकांना ते पाठ होतात, मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनच 'तीन, सात' म्हणून पुढची संख्या काढून घेतात. सुपरवायझर याला लबाडी म्हणतात. मी त्याच्याकडे माहिती म्हणून बघते: संख्या आधी कळली की रिकामी ट्रॉली न्यायची की हँडपॅलेट, म्हणजे जड मालाची हातगाडी, हे ठरवता येतं. एवढं कळलं, की 'जड माल' हा एक शब्द जागेच्या आधीच सांगता येतो आणि पाठ केलेले क्रमांक वापरायची गरज बरीच कमी होते.

हुकमाचे शब्द निवडताना गोदामात दिवसभर लोक काय ओरडतात ते ऐका. 'थांब' हा शब्द फोर्कलिफ्टवाल्याला उद्देशून सारखा कानावर येतो, तो यंत्राला देऊ नका. 'मशीन थांब' असा दोन शब्दांचा द्या. 'हो' फार आखूड आहे, मशीनला तो श्वासातही ऐकू येतो. 'बरं' तोंडातून नकळत निघतं. 'झालं' चांगला आहे, पण लोक एकमेकांना 'झालं का?' विचारतात, म्हणून यंत्र वाट बघत असेल तेव्हाच आणि मागे थोडी शांतता असेल तरच तो मोजा. 'परत' हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जाणार आहे; तो कधीही, कोणत्याही पायरीवर चालला पाहिजे, आणि त्याने शेवटचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा ऐकवलं पाहिजे. 'हळू' आणि 'पटपट' म्हणून बोलण्याचा वेग ज्याचा त्याला बदलू द्या. जुन्या पिकरला नवख्याचा वेग ऐकवला तर तो हेडफोन काढून ठेवतो.

गोंगाटात माणूस नुसता मोठ्याने बोलत नाही, त्याचा आवाजच बदलतो: पट्टी चढते, स्वर लांबतात. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणून यंत्राला माणसाचा आवाज शिकवायचा तो केबिनमध्ये, एसीत बसून नाही. चालू शिफ्टमध्ये, ट्रकमध्ये माल चढवतात त्या डॉकच्या शेजारी उभं राहून.

आणि एक कान नेहमी मोकळा. दोन्ही कानांत आवाज देणारा हेडफोन फोर्कलिफ्टच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला मी कधीच देणार नाही, कितीही शांत ऐकू येत असलं तरी. यंत्राचा पिप्-पिप् हा आवाज रिव्हर्स हॉर्नसारखा नाही ना, हेही गोदामात उभं राहून तपासा.

कोड लिहायच्या आधी फोनवर करून बघा

आवाजाचं ॲप एक ओळही कोड न लिहिता तपासता येतं. एका पिकरला साध्या फोनला जोडलेला एका कानाचा हेडफोन द्या, आणि रॅकच्या पलीकडे बसून स्वतः फोनवरून यंत्राची भूमिका करा. हातात ऑर्डरची यादी, समोर ठरवलेली वाक्यं. ठरवल्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही, हा नियम कडक पाळा. तो 'काय म्हणालीस?' म्हणाला आणि यादीत त्याला उत्तर नसेल, तर गप्प राहा आणि टिपून घ्या. त्या गप्प राहण्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. काय चाललंय ते पिकरला आधीच सांगा. पलीकडे माणूस बसलाय हे ठाऊक असूनही थोड्या वेळाने तो यंत्राशीच बोलतो.

मला अशाच चाचणीत कळलं, की ट्रॉली फिरवताना चाकांच्या खडखडाटात काहीच ऐकू येत नाही. तेव्हापासून मी पुढची जागा ट्रॉली थांबलेली असतानाच सांगायला लावते.

मनगटाच्या पडद्यासाठी तर कागद पुरतो. पडद्याच्या मापाचे तुकडे कापा, खऱ्या आकाराची अक्षरं लिहा, रबर बँडने मनगटावर लावा आणि त्या माणसाला कामाला लावा. वाचायला हात किती वर उचलावा लागतो, मान किती वळते, बाही मध्ये येते का, हे लगेच दिसतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायला विसरू नका. ट्रॉली ढकलताना पडदा तिकडेच समोर येतो.

चाचणीची वेळ महत्त्वाची. सकाळी अकराला, माल कमी असताना सगळंच चालतं. दुसऱ्या शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत जा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बघायला मिळालं तर सोडू नका. रात्री नऊला, थकलेल्या माणसाला जमलं, तर ते डिझाइन ठेवण्यासारखं.

दुसऱ्यांचे मोठे आकडे वाचताना जपून. डीएचएल आणि रिको यांनी २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या बर्गेन ऑप झूमच्या गोदामात चष्म्यावर पिकिंग करून बघितलं: दहा जण, तीन आठवडे, कार्यक्षमतेत २५ टक्के वाढ, असं कंपनीनेच जाहीर केलं. प्रयोग खरा आहे. पण तीन आठवडे नव्या वस्तूचा उत्साह टिकतो. तुमच्या क्लायंटला हा आकडा वचन म्हणून देऊ नका.

नेटवर्क, बॅटरी, घाम

लोखंडी रॅक वायफाय अडवतात, आणि रॅक पाण्याच्या बाटल्यांनी भरले की आणखीच. स्कॅन झाल्याची पोच उपकरणाने स्वतःच, तत्क्षणी द्यायची. सर्व्हरला नंतर कळवा. पिकर पोचेची वाट बघत हात वर करून उभा असेल तर ते ॲप नापास.

लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून चांगली उपकरणं त्या वेळी चार्जिंग थांबवतात. माळ्यावर पत्र्याखाली लावलेला चार्जिंगचा रॅक मे महिन्यात नेमका असा वागतो. तो खाली, पंख्याजवळ हलवा.

पट्टा ज्याचा त्याचा. १९९०च्या दशकात सिंबॉल कंपनीने मनगटावरचा संगणक आणि बोटावरचा स्कॅनर अशी जोडी बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रश्न आहे: उपकरण तीन शिफ्टमध्ये फिरतं, पण दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला पट्टा कोणी हातावर बांधायचा? उपकरण सुटं, पट्टा आणि बोटाची रिंग प्रत्येकाच्या नावाची, धुता येणारी. पट्टा कन्व्हेयरमध्ये अडकला तर हिसक्याने सुटलाच पाहिजे. हे खरेदीच्या कागदात लिहून घ्या.

जिथे घालूच नये अशीही कामं आहेत. लाइनमनने चालू तारेजवळ काम करताना घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवायचं असतं. त्याच्यासाठी मनगटाचं ॲप मागायला कोणी आलं, तर खाली जमिनीवर, परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घेताना आणि परत देताना वापरायचं काहीतरी आखा, आणि वर चढताना अंगावर काही ठेवू नका.

पाळत

अंगावरचं उपकरण माणसाबद्दल इतकं जमा करतं, की हा प्रश्न शेवटी बघू म्हणून चालत नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथे महापालिकांनी सफाई कामगारांच्या हाताला जीपीएसची घड्याळं बांधली. कामगारांनी आंदोलनं केली, कारण घड्याळ बंद पडलं तर पगार कापला जाईल, घरी गेल्यावरही आपल्यावर लक्ष राहील, ही भीती. तांत्रिकदृष्ट्या घड्याळ चालत असेलही. ज्याच्या मनगटावर ते होतं त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठीचा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला, पण त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला संमतीशिवायही मुभा आहे. म्हणजे कायदा इथे कामगाराला फारसं वाचवत नाही. आखणाऱ्याने वाचवायला हवं. मी आग्रहाने ठेवते त्या अटी अशा: ब्रेकमध्ये उपकरण खरंच बंद होतं आणि बंद असल्याचा दिवा दिसतो. माणूस कुठून कसा चालला, हे ऑर्डर पूर्ण झाल्यावर पुसलं जातं. मिनिटाला किती पेट्या, हा आकडा कामगाराच्या पडद्यावर कधीच येत नाही, कारण तो आला की माणूस वाकताना घाई करतो आणि कंबर धरते. आणि जे काही साठतं ते त्याला स्वतःला, त्याच्या भाषेत बघता येतं. क्लायंट यावर अडला तर मी सांगते, की कामगार विश्वास ठेवणार नाही अशा उपकरणाला तुमच्या गोदामात सिग्नल अडवायला फॉइल गुंडाळलेलं सापडेल.

सुरुवात करताना

पहिली उपकरणं मोबाइलात सगळ्यात तरबेज पोराला देऊ नका. ज्याला बाकीचे अडल्यावर विचारतात त्या जुन्या माणसाला द्या; त्याला पटलं तर तो दुसऱ्यांना चार वाक्यांत समजावेल. जुनी गन काही आठवडे जागेवर राहू द्या, म्हणजे कोणी अडला तर त्याचं काम थांबत नाही. शिफ्ट चालू असताना अपडेट ढकलू नका, बटणाची जागा तर मुळीच बदलू नका.

महिन्याभराने परत जा आणि लोकांनी उपकरणाला स्वतः काय काय केलंय ते बघा. पट्ट्याखाली कापड गुंडाळलं असेल तर पट्टा टोचतोय, बदला. एखाद्या बटणावर सेलोटेप लावली असेल तर ते चुकून दाबलं जातंय, तिथून काढा. कोणी तपास-क्रमांक पेनाने मोठे करून लिहिले असतील तर लेबलं पुन्हा, मोठ्या अक्षरात छापून घ्या.